वन्संच्या हातचं तेल

ओटाहुहू, ऑकलंड
६ मार्च १९९४

ती. वन्सं लेसिएली यांस,
मेलिआमेचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व कुशल. तुमच्याकडील कुशल कळवत जावे.

तुम्ही पाठवलेल्या तेलाच्या बाटल्या पोचल्या. बूच काढलं आणि सगळं घर तुमच्या अंगणासारखं घमघमलं. हे कारखान्यातून आले ते दारातच थबकले, म्हणाले, आक्का आली की काय! दिवसभर बटाट्याच्या चिप्स तळून त्यांच्या नाकाला दुसरा वास कळत नाही, पण तुमचं तेल बरोबर कळतं.

सिआले आता बसायला लागली. तुम्ही तिला फुलाचं नाव ठेवलंत ते तिला शोभतं, असं चर्चमध्ये सगळ्या म्हणतात. गाल जरा लाल असतात आणि कोपराच्या घडीत किंचित खरखरीत लागतं, एवढंच. तुम्ही सांगितल्याप्रमाणे तिन्ही वेळा तेल लावते. काळजी नसावी.

मोठ्या चटईचं विणकाम कुठवर आलं? तुमच्या गुडघ्यांचं कसं आहे? इकडचे अळूचे कंद म्हणजे नुसता भुसा, तुमच्या हातच्या भट्टीतल्या जेवणाची आठवण येते.

लोभ आहे तसाच ठेवावा.
तुमची,
मेलिआमे

---

ओटाहुहू
९ मार्च १९९४

ती. सुलिएतीताई,
सा. न. वि. वि.

तुला कुशल-बिशल लिहीत नाही, तू तरी खरं वाच. मी मेले आहे दमून. सिआलेला इसब झालंय. गाल, कोपरं, गुडघ्यांच्या मागची घडी, सगळं लालबुंद. खाजवून खाजवून रक्त काढते आणि मग त्यातून पाणी गळतं. ती झोपत नाही म्हणून मी झोपत नाही. परवा ऑफिसं झाडायला गेले आणि झाडू हातात धरून भिंतीला टेकूनच डोळा लागला. मुकादमीण चांगली म्हणून वाचले.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. म्हणाल्या, हे कुणाच्या पापानं नाही की कुणाच्या चुकीनं नाही, हिची कातडीच जन्मतः अशी. गिलावा सुटलेल्या भिंतीसारखी. आतला ओलावा बाहेर निघून जातो आणि बाहेरचं नको ते आत शिरतं. मग लोकर, घाम, हीटरची कोरडी हवा, कपड्यांचा साबण, कशानंही भडकते. पूर्ण जाईल असं वचन त्या देत नाहीत, मोठी होईल तशी बहुधा कमी होईल म्हणाल्या. तोवर भडकू द्यायची नाही, एवढंच आपल्या हातात.

मग मी पिशवीतून वन्संची बाटली काढली. बाईंनी हुंगली आणि पहिलं हेच बंद करा म्हणाल्या. फुलं, साली, मुळ्या, सगळा सुवास त्या फुटक्या कातडीला आग लावतो.

आता सांग, हे वन्संना कुणी सांगायचं? सेमिसी सांगणार नाही. सख्खी बहीण आहे त्याची, तिच्यासमोर अंगाचं, कातडीचं, खाजेचं अक्षर काढणार नाही तो. लहानपणापासून ती खोलीत आली की हा बाहेर, आपल्याकडे भाऊ वाढतोच तसा. आणि मी कोण? भावाची बायको! ती मुलीची आत्या. लग्नात, मयतात तिचं पान पहिलं. आमच्या घरातलं हवं ते तिनं उचलावं आणि आम्ही हसून द्यावं.

हवं ते म्हणजे पोरसुद्धा, ताई. जानेवारीतच तिनं लिहिलं होतं की तुझ्याच्यानं होत नसेल तर सिआलेला इकडे वावाऊ बेटावर आण, मी वाढवते. पोर आजारी आहे असं लिहिलं तर ती घेऊन जाईल. तेल सोसत नाही असं लिहिलं तर तिचा अपमान, आणि मग तर नक्कीच घेऊन जाईल. म्हणून बाटल्या पलंगाखाली सरकवल्यात आणि तिला गोड गोड लिहिलंय. माझं डोकं चालत नाही. तूच काहीतरी सांग.

तुझी,
मेली

---

नेइआफू, वावाऊ
२ एप्रिल १९९४

चि. सौ. मेलिआमे हिस,
लेसिएलीचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. लाल गाल, खरखरीत कोपर! अगं, तू त्या पोरीला गरम पाण्यात उकडतेस की काय? कंदमूळ आहे का ती? कोमट पाणी घे, दोन तांबे घाल आणि बाहेर काढ. आणि लोकरीत गुंडाळणं बंद कर. पालांगी, गोऱ्या बायका करतात म्हणून आपण करायचं नसतं.

तेल मात्र सोडू नकोस. माझ्या आजीनं मला केलं, मी सेमिसीला केलं. तो लहानपणी असा चकाकायचा की चर्चमध्ये लोक देवाकडे बघायचे सोडून त्याच्याकडे बघायचे. आता बघ म्हणावं आरशात. या खेपेस मी चंदनाची साल दुप्पट घातली आहे आणि फुलं तीनदा बदलली आहेत. वास इतका चढलाय की पाद्रीबाई कुंपणापलीकडून विचारायला आल्या.

जुलैत सिआलेच्या पहिल्या वाढदिवसाला मी येते आहे. झाडाची साल कुटून केलेल्या साल-कापडाचा मोठा तुकडा आणते, त्यात तिला गुंडाळून, तेलानं माखून सगळ्यांपुढे बसवू. लोकांना कळू दे कुणाची भाची आहे. आणि एक सांगून ठेवते. तुझं अक्षर मला दमलेलं दिसतं. नोकरी, घर, पोर, तिन्ही ओढणं सगळ्यांना जमत नाही, त्यात कमीपणा नाही. येताना एकटी येईन, जाताना दोघी जाऊ, असं माझ्या मनात आहे. विचार करून ठेव. म्हणजे, मी विचार केलाच आहे, तू तयारी करून ठेव.

सेमिसीला म्हणावं, आक्कानं विचारलंय. बाकी काय ते तू कळव.
तुम्हां तिघांवर प्रभूची छाया राहो.
लेसिएली

---

सिडनी
२० एप्रिल १९९४

प्रिय मेली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी वृद्धाश्रमाच्या पायऱ्यांवर बसूनच राहिले. रडू येत होतं आणि तुझा रागही येत होता. तू फोनवर म्हणालीस की डॉक्टरणीनं दिलेलं औषधी मलम तू नखाएवढं लावतेस आणि लाली जरा फिकटली की बंद करतेस, कारण चर्चमधल्या कुणीतरी सांगितलं, त्यानं कातडी जळते. त्या बाईला माझ्याकडे पाठव. मी दिवसाकाठी इतक्या म्हाताऱ्यांच्या कातडीला हात लावते, मला विचार. आग अर्धी विझवून पाठ फिरवली की ती पुन्हा पेटते. लाली दिसली रे दिसली की त्या जागेवर डॉक्टरणीनं सांगितलं तेवढं लाव, हात फिरवून कातडी मऊ लागेपर्यंत लाव, मग थांब. आणि ते पांढरं, बिनवासाचं, चरबीसारखं मलम रोज थापायचं. बरं असलं तरी थापायचं. बरं असतानाच तर ते काम करतं! आंघोळीनंतर अंग टिपून लगेच. नखं कापलेली, झबली सुती. सोपं आहे, फक्त त्याला सुट्टी नाही.

तुझ्या नणंदेबद्दल काय सांगू? माझं सोपं आहे, मी समुद्रापलीकडे बसलेय. पण मेली, खोटं लिहिणं थांबव. ती बाई तोंडाची फटकळ असेल, पण मनाची वाईट नाही. आणि जुलैत ती येणार तेव्हा काय करशील? पलंग उचलून पळशील?

झोप मिळेल तिथे झोप. चर्चमध्ये झोप, देव काही म्हणणार नाही.
तुझीच,
सुलिएती

---

ओटाहुहू
१२ जून १९९४

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

इकडे सर्व कुशल. सिआलेची कातडी पुष्कळ निवळली आहे. तुमच्या तेलाचा गुण आला. रात्री शांत झोपते, त्यामुळे मीही ताजीतवानी आहे. तेव्हा तिला तिकडे नेण्याची तसदी तुम्ही घ्यावी असं काही राहिलेलं नाही. वाढदिवसाला अवश्य या, चर्चचा हॉल ठरवला आहे. हे मेजवानीच्या डुकराचं बघताहेत.

लोभ वाढत राहो.
तुमची,
मेलिआमे

---

ओटाहुहू
३१ जुलै १९९४

ती. ताई,
सा. न. वि. वि.

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय, अक्षर लाव. सिआले आता बरी आहे, ताप उतरला. तेवढं आधी वाच आणि मग पुढचं.

वन्सं आल्या. विमानतळावर त्यांचे सुरण काढून घेतले, फुलांच्या माळा काढून घेतल्या आणि नेमकं तेल सोडलं. खोकंभर तेल, ताई! माझ्या त्या पत्रानं त्या इतक्या हरखल्या होत्या की सगळ्या गावात सांगितलं, माझ्या तेलानं भाचीची कातडी निवळली. ज्या ज्या घरी पोरांच्या अंगावर पुरळ होतं तिथे तिथे बाटल्या दिल्या. मला मिठी मारून म्हणाल्या, तू गुणी आहेस, सांगितलेलं ऐकतेस. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

सिआले खरंच छान झाली होती. दोन महिने मी तुझं ऐकलं, एक दिवस चुकवला नाही. हात फिरवला तर नुसतं लोणी. मला वाटलं, निभावलं.

वाढदिवसाला हॉल भरलेला. वन्संनी पोरीला मांडीवर घेतलं, झबलं काढलं आणि बाटलीच उपडी केली. केसांपासून तळव्यापर्यंत. मग ते खरखरीत साल-कापड गुंडाळलं. लोक वाहवा करत होते, सिआलेही हसत होती. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. एक शब्द बोलले असते तर थांबलं असतं. सगळ्यांदेखत आत्याचा हात कसा धरायचा? नाही धरला. दुसऱ्या दिवशी चर्चला खळीचा कडक झगा, वर पुन्हा तेल. संध्याकाळी अंग पेटलं. दोन दिवसांत पिवळं पाणी, चट्टे आणि ताप. डॉक्टर म्हणाले, फाटलेल्या कातडीतून जंतू आत गेले, लगेच दाखल करा.

वन्सं रोज येऊन बसायच्या. परवा त्यांनी पिशवीतून बाटली काढली आणि बूच उघडलं. वासानं पोर झोपेतच कुरकुरली. मी नुसती पोरीला थोपटत राहिले. आणि ताई, दारातून सेमिसी आत आला. बहीण खोलीत असताना आत आला! जमिनीकडे बघत, हात मागे बांधून म्हणाला, आक्का, तेल लावू नकोस, तिच्या कातडीला ते सोसत नाही. खाज, पू, रक्त, पोर कुठे कुठे सोलवटली आहे, सगळं सांगितलं. मार्चपासून घरात तेल लावलेलं नाही, मेलिआमेला तुझी भीती वाटते आणि मलाही वाटते, हेसुद्धा. त्याचे कान लाल झाले होते. एवढं बोलून तो बाहेर गेला आणि जिन्यात बसून राहिला.

वन्संनी बूच परत बसवलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तीन आठवडे राहणार होत्या, कालच्या विमानानं गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या की पोरीचं काय ते ठरवून कळवीन. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? त्यांनी पोर मागितली तर आमच्यात नाही म्हणणारा कुणी नाही. रोज टपालवाल्याची सायकल दिसली की मी दाराकडे धावणार आता.

सेमिसी तीन दिवस जेवला नाही धड. मला तो नवरा म्हणून आजवर आवडायचा, आता त्याचा अभिमान वाटतो, हे त्याला सांगायला अंगात त्राण नाही. तू फोनवर सांग.

तुझी,
मेली

---

नेइआफू, वावाऊ
१४ ऑक्टोबर १९९४

चि. सौ. मेलिआमे हिस,
आशीर्वाद देते, पण रागानं देते.

तुझी सगळी पत्रं पुढ्यात घेऊन बसले आहे. प्रत्येकात पहिली ओळ, इकडे सर्व कुशल. पोर सोलवटलेली, तू उभ्या उभ्या मेलेली, आणि सर्व कुशल! तेल सोसत नाही हे कळलं असतं तर मला वाईट वाटलं असतं, दोन दिवस मी कुणाशी बोलले नसते, तुला चार शब्द सुनावले असते. आणि मग? मग तेल लावलं नसतं, एवढंच ना? त्याऐवजी माझ्याच हातानं तू माझ्या भाचीला जाळलंस. हे मला फार लागलं आहे.

इथे आल्यावर मी घरोघरी गेले आणि बाटल्या परत मागितल्या. दिलेली वस्तू मागायला मी जन्मात कुणाच्या उंबऱ्यावर गेले नव्हते. मला बघून बायका उठून उभ्या राहात आणि मी म्हणत असे की बाई गं, मी चुकीचं औषध दिलं. एका घरी पोराचं अंग तेल थांबवल्यावर निवळलं, दुसऱ्या घरी तसंच आहे. म्हणजे तुमच्या डॉक्टरांनाही सगळंच कळतं असं नाही, हे लक्षात ठेव. पाद्रीबाईंनी बाटली स्वतःच्या केसांना संपवली होती. त्यांना काही झालं नाही, केस मात्र आहेत तेवढेच आहेत.

आता पोरीचं. इथे सगळे विचारतात, कधी आणणार. हक्क माझा आहे, त्यात तुला किंवा सेमिसीला बोलायला जागा नाही. पण मी आणणार नाही.

कारण ऐक. हॉस्पिटलात पहिल्या दिवशी मी पहाटे आले तेव्हा तू पाळण्याचा कठडा धरून उभ्यानंच झोपली होतीस. तोंड उघडं, केस पिंजारलेले. आणि तुझा एक हात पोरीच्या हातावर होता. तिनं खाजवायला हात हलवला की तुझा हात तिचा हात दाबायचा, आणि तू झोपलेलीच. मी बराच वेळ बघत राहिले. मला ते जमलं नसतं. मी झोपले की घोरते आणि पहाटेचं कोंबडंही मला उठवू शकत नाही, हे सगळ्या वावाऊला माहीत आहे. त्या पोरीला तेल-चटई देणारी आत्या लागते खरी, पण आधी तो हात लागतो.

तेव्हा पोरगी तुझ्याकडे राहील आणि मीच येईन. डिसेंबरात येते, मनात येईल तेव्हा जाईन. येताना तेल नाही, साल-कापड नाही. सहा आठवडे झाले, माझ्या केसांनाही वास लावलेला नाही. आपल्या कुत्र्यानं मला ओळखलं नाही, भुंकला माझ्यावर. ते पांढरं मलम कधी लावायचं, औषधाचं कधी आणि कुठवर, आंघोळ किती वेळ, हे मला नीट लिहून पाठव. मी शिकेन. म्हातारी झाले म्हणून मठ्ठ झाले नाही.

सेमिसीनं जे केलं त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. त्याला एवढंच सांग की आक्कानं ऐकलं.

आणि या पत्राला उत्तर लिही. खरं लिही. पुन्हा सर्व कुशल असं लिहिलंस, तर येईन आणि पोरीला काखेत मारून घेऊन जाईन.

तुझ्यावर राग आहे तितकाच जीवही आहे.
लेसिएली

---

ओटाहुहू
३० ऑक्टोबर १९९४

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

इकडे सर्व कुशल नाही.

सिआलेला दात येताहेत, लाळेनं हनुवटी आणि मान पुन्हा भडकली आहे. कोपरं बरी आहेत. गुडघ्यामागे काल लाल दिसलं, औषधी मलम लगेच लावलं, आज जरा कमी आहे. उद्या काय असेल ते मला माहीत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, पावसाळी दिवस सरले की उतरेल, पण त्यांचाही चेहरा अंदाज केल्यासारखाच असतो. हॉस्पिटलनंतर मी नोकरी अर्ध्या वेळेची केली, त्यामुळे पैशांची तंगी आहे. ह्यांच्यावर मी विनाकारण ओरडते. परवा पोरीवरही ओरडले, मग तिच्याबरोबर बसून रडले. मी फार दमले आहे, वन्सं. तुमच्या पत्राचा शेवट वाचून मी मोरीत जाऊन दार लावून घेतलं आणि नळ सोडून रडले, तेही तुम्हांला कळावं.

मलमांचं सगळं वेगळ्या कागदावर लिहिलं आहे. तुमचा निरोप ह्यांना सांगितला. त्या रात्री त्यांनी दोनदा वाढून घेतलं.

विमानतळावर हे येतील. तुम्ही घरात याल तेव्हा सिआलेला तुमच्या हातात देईन, हात तेवढे धुऊन घ्या, आणि मी आत जाऊन झोपेन. चहासुद्धा विचारणार नाही. राग मानू नये.

तुमची,
मेलिआमे